एका दिवसात ३६ होल की ७२? मदतनिधीच्या गोल्फ-दिवसाबद्दल वडोदऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट ही संस्था ‘लाँगेस्ट डे गोल्फ चॅलेंज’ भरवते. चौघांचा गट, एक दिवस, ७२ होल, आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवलेला निधी. वडोदऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं तिकडे असतात. त्यांचे फोटो इकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर येतात आणि लगेच कुणीतरी विचारतं, “आपल्याकडे का नाही करत असं काही?” करता येतं. पण जसंच्या तसं नाही. आमच्यासारख्या हौशी मंडळींना हे करताना जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमकं करायचं काय असतं?

एरवी गोल्फचा एक राउंड म्हणजे १८ होल. होल म्हणजे पहिला फटका मारायच्या ‘टी’पासून ‘ग्रीन’ या गुळगुळीत हिरवळीवरच्या खळग्यापर्यंतचा एक टप्पा; त्या खळग्यालाही होलच म्हणतात. या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा चौपट खेळायचं. १८ होलच्या मैदानाची कार्डावरची लांबी साधारण सहा किलोमीटर असते, पण प्रत्यक्षात चालणं आठ ते दहा किलोमीटर होतं. चेंडू सरळ जात नाही, आपण त्याच्या मागे रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात) जातो, एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत जातो, विसरलेली वेज (जवळच्या फटक्याची काठी) आणायला परत येतो. म्हणजे ३६ होलना १६ ते २० किलोमीटर, ५४ ना २४ ते ३०, आणि ७२ ना ३२ ते ४०. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, यावरून अंदाज करा. फरक एवढाच की मॅरेथॉन धावणाऱ्याला वाटेत तीन-चारशे वेळा वाकून, वळून काठी फिरवावी लागत नाही.

स्कोअर किती झाला याला फारसं कुणी विचारत नाही. निधी किती जमला, हे मात्र सगळे विचारतात.

मग आपणही ७२च का ठरवू नयेत?

कारण उजेड. हे गणित पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनमधल्या या उपक्रमाचं नावच वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसावरून पडलं आहे. २१ जूनच्या सुमारास लंडनमध्ये साडेसोळा तासांहून जास्त दिवस असतो, एडिनबरात साडेसतराहून जास्त. पहाटे साडेचार-पाचला पहिला चेंडू मारून रात्री नऊपर्यंत खेळता येतं, हवाही बरी असते. वडोदरं कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस जेमतेम साडेतेरा तासांचा. आणि ज्या दिवसांत इथे उन्हात उभं राहता येतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दिवस पावणेअकरा-अकरा तासांचा. डिसेंबरअखेर सूर्य सव्वासातला उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो.

आता भागाकार करा. पावणेअकरा तासांत ७२ होल म्हणजे एका राउंडला दोन तास चाळीस मिनिटं, तीही जेवायला, पाणी प्यायला, बूट झटकायला एक मिनिटही न थांबता. चौघांचा गट चालत खेळला तर एका राउंडला साधारण चार तास लागतात. दोघंच असतील, मैदान मोकळं असेल आणि दोघंही भरभर खेळणारे असतील, तर तीन तास. ५४ होल दोघांच्या जोडीला जमण्यासारखे आहेत, पण दिवसभर घड्याळाकडे बघत. ३६ होल चौघांना आरामात जमतात: सात-आठ तास खेळ, मध्ये तासभर जेवण, आणि उजेड शिल्लक.

आमचा सल्ला सरळ आहे. पहिल्यांदा करत असाल तर ३६. तब्येत आणि वेग दोन्ही असेल तर ५४. ७२चा हट्ट धरू नका. ७२ लिहिलं म्हणून कुणी दुप्पट पैसे देत नाही. निधी वाढतो तो फोन केल्याने, आणि ते फोन करायला बळ शिल्लक राहिलं पाहिजे.

जूनमध्ये पहाटे लवकर सुरू केलं तर?

नको. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथलं ऊन दहा वाजता डोक्यावर आणि बाराला अंगावर येतं. दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आणि वीज. उघड्या मैदानात हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहण्याचा तो हंगाम नव्हे. पावसाळ्यात फेअरवे (टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) चिखलाचे होतात, चेंडू जमिनीत रुततो. आणि विश्वामित्रीला पूर आला की मगरी कुठे फिरायला निघतात ते शहराला नव्याने सांगायला नको.

तारीख कधीची ठरवावी?

वडोदऱ्याचं कॅलेंडर समोर ठेवून. नवरात्रात कुणालाही काही विचारू नका. रात्री एकपर्यंत गरबा झाल्यावर सकाळी सातला टीवर कोण येणार? दिवाळीत घरं पाहुण्यांनी भरलेली. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, आणि त्याच्या आगेमागे आठवडाभर झाडांवर, कुंपणांवर, गवतात मांजा. तो पायात गुंततो, बग्गीच्या (मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीच्या) चाकात अडकतो, आणि मैदानावर दुचाकीवरून येणाऱ्यांना तर खरा धोका. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मग ऊन.

उरतात दोन फटी. एक डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. थंडी छान, परदेशातले नातेवाईक घरी आलेले, त्यामुळे देणगीदार आयते समोर. तोटा म्हणजे दिवस सगळ्यात लहान आणि सकाळी गवतावर इतकं दव की पहिल्या दोन तासांत मोजे ओले. दुसरी फट जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस जवळजवळ साडेअकरा तासांचा होतो. आम्हाला ही दुसरी फट जास्त आवडते.

मैदान कुठलं?

शहरात पहिलं नाव निघतं ते लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या मैदानाचं. १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी ते तयार करवलं. १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी, जे स्वतः रणजी खेळलेले, ते दुरुस्त करून लोकांसाठी खुलं केलं. इथे किंवा शहराबाहेर कुठेही करा, तीन गोष्टी लेखी घ्या: दिवसभराचं बुकिंग किती टी-टाइमचं (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळांचं) आहे, सदस्यांच्या नेहमीच्या खेळाशी टक्कर कशी टाळायची, आणि ग्रीन फीमध्ये, म्हणजे मैदानावर खेळायच्या शुल्कात, सवलत आहे का. १८ होलच हवेत असं नाही. कमी होलचं मैदान असेल तर फेऱ्या वाढवायच्या. उलट तेच बरं, कारण पाण्याचं टेबल आणि सावली दर दीड-दोन तासांनी परत वाटेत येते.

शनिवार-रविवारची सकाळ क्लबला देणं जड जातं. मधल्या वाराला विचारलंत तर उत्तर पटकन होकारार्थी येतं.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. गरजूंसाठी पैसे जमवायला तोच कशाला?

प्रश्न बरोबर आहे आणि तो दांडिया बाजारात आम्हाला तोंडावर विचारला गेला आहे. होय, हा महागडा खेळ आहे, पाणी आणि जमीन दोन्ही खाणारा. पण ज्यांच्याकडे देण्यासारखं आहे अशी बरीच माणसं तिथे दर रविवारी एकत्र असतात. त्यांच्याकडून मागायचं तर त्यांच्या जागी जाऊन मागणं सोपं. अट एकच: दिवसाचा खर्च देणगीतून होता कामा नये. ग्रीन फी, जेवण, टोप्या, फलक, सगळं खेळणाऱ्यांच्या खिशातून. हे जमत नसेल तर त्यापेक्षा रावपुऱ्यात डबा घेऊन फिरलेलं बरं.

मी आयुष्यात गोल्फ खेळलेलो नाही. क्रिकेट मात्र भरपूर खेळलोय.

विजय हजाऱ्यांच्या गावात हे वाक्य दर दुसरा माणूस बोलतो. क्रिकेटची नजर उपयोगी पडते, क्रिकेटची बॅट मात्र आड येते. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो, आणि तिथेच भल्याभल्या फलंदाजांची पंचाईत होते. दोन-तीन महिने हातात असतील, आठवड्यातून दोनदा ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) जाणार असाल, तर गटात चौथा गडी म्हणून जरूर या. खेळाचा प्रकार ‘स्क्रॅम्बल’ ठेवला तर तुमचा एखादा फटका वाया गेल्याने काही बिघडत नाही: चौघांनी मारायचं, सगळ्यात चांगला चेंडू जिथे पडला तिथून पुन्हा चौघांनी मारायचं. यात नवशिक्याचा एखादा लांब पुट (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका) गेला तर दिवसभर त्याचीच चर्चा.

अजिबात खेळायचं नसेल तरी कामं पुष्कळ आहेत. गुण टिपणं, पाण्याचं टेबल सांभाळणं, गटाबरोबर चालणं, दुपारी देणगीदारांना फोटो पाठवणं. शेवटच्या कामाला माणूस नेमाच.

हँडिकॅप प्रमाणपत्र लागतं का?

नाही. क्लब मागत असेल तर गोष्ट वेगळी. (हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणारी फटक्यांची सवलत.)

एवढे होल वेळेत बसवायचे कसे?

नियमांनीच मदत केलेली आहे. २०१९ साली गोल्फचे नियम सुधारले गेले तेव्हा हरवलेला चेंडू शोधायचा वेळ पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आला. पुट करताना झेंडा होलमध्येच ठेवायला परवानगी मिळाली. आणि सुरक्षित असेल तर ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, लांब असणाऱ्याची वाट बघू नये, यालाही नियमांनी पाठिंबा दिला. या तीन गोष्टी काटेकोर पाळल्या तर एका राउंडमागे वीस-पंचवीस मिनिटं सहज वाचतात.

गुणांसाठी स्टेबलफर्ड पद्धत घ्या. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ती काढली आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी इथे तिची पहिली स्पर्धा झाली. हँडिकॅप वजा करून पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा त्याहून जास्त फटके वर गेले की शून्य. शून्य निश्चित झालं की चेंडू उचला आणि चालू लागा. बंकरमध्ये नऊ वेळा वाळू उडवत बसणाऱ्या माणसाला या पद्धतीने सन्मानाने बाहेर काढता येतं.

बॅगेत नियमाने १४ काठ्या चालतात, पण या दिवशी सात-आठ पुरे. चेंडू झाडीत गेल्यासारखा वाटला तर लगेच दुसरा ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता चेंडू, मारून ठेवा, परत मागे जाणं नको.

बग्गी वापरली तर फसवणूक होईल का?

देणगीदाराला आधी सांगितलं असेल तर नाही. साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी मंडळी बग्गीतून खेळली तरी त्यांचा दिवस काही सोपा नसतो. “चालत” असं लिहून बग्गीत बसलात तर मात्र फसवणूकच.

कॅडींचं काय?

याबद्दल आम्ही जरा कडक आहोत. दहा-बारा किलोची बॅग घेऊन कॅडी तुमच्याइतकाच चालतो, आणि तुमच्या अंगावर नवी टोपी असते तशी त्याच्या अंगावर नसते. चांगलं काम आहे म्हणून त्याने कमी पैशांत यावं ही अपेक्षा चुकीची. क्लबचा जो दर असेल तो प्रत्येक राउंडमागे पूर्ण द्या, वर बक्षिशी द्या, आणि ३६च्या पुढे जाणार असाल तर दुपारी कॅडी बदला. दोघांना काम मिळतं आणि कुणाचा खांदा जात नाही. जेवणाच्या पानांची संख्या मोजताना कॅडी, माळी आणि पाणी देणारी पोरं धरूनच मोजा. हा खर्चही खेळणाऱ्यांचा, निधीतला नव्हे.

तयारी किती दिवस आधीपासून?

आठ ते दहा आठवडे. फटक्यांच्या सरावापेक्षा पायांचा सराव जास्त महत्त्वाचा. रोज सकाळी कमाटीबागेत तासभर चाला, आणि रविवारी वाढवत वाढवत पंधरा किलोमीटरपर्यंत न्या. मधे एखाद्या रविवारी पावागडच्या पायऱ्या चढून-उतरून या. उतरताना मांड्यांना जे कळतं ते सपाटीवर कळत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा तरी सलग २७ होल खेळून पाहा. त्यात दोन गोष्टी उघड होतात: बूट कुठे चावतो, आणि कंबर कितव्या होलला बोलायला लागते.

बूट नवा कोरा घालून येऊ नका. मोज्यांच्या दोन जोड्या जास्त ठेवा आणि दर राउंडनंतर बदला. हातमोजेही दोन-तीन असू द्या. घामाने भिजलेल्या मोज्याने काठी फिरते आणि तळहाताला फोड येतो. टाचेला आणि अंगठ्याला सकाळीच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नाही. राउंडच्या आधी खांदे, कंबर आणि पोटऱ्या मोकळ्या करायला पाच मिनिटं द्या. सराव-स्विंग एकच. तीन-तीन हवेत मारणारे लोक शेवटच्या नऊ होलला उभे राहू शकत नाहीत.

खाणं-पिणं?

तहान लागायची वाट बघू नका, दर दोन-तीन होलला चार घोट प्या. नुसतं पाणी दिवसभर पुरत नाही, मीठ जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घाला. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, जास्त घट्ट करू नका. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. खिशात केळं, गूळपापडी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. दुपारी दशमी, थेपला, दहीभात असं हलकं. सेव-उसळ दुसऱ्या दिवशी. हे हसण्यावारी नेऊ नका. भर दुपारी तर्रीचं जेवण झाल्यावर जो पुढचा राउंड होतो तो बघवत नाही.

मला मधुमेह आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. यावं का?

डॉक्टरांना विचारून, आणि त्यांना “थोडं गोल्फ” असं न सांगता “दिवसभर अठरा किलोमीटर चालणं” असं सांगून. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा दिवशी खाली जाऊ शकते, तेव्हा ग्लुकोमीटर आणि पटकन खायची साखर बॅगेत नव्हे तर खिशात. आपल्याला काय आहे, कुठली औषधं चालू आहेत हे गटातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

कधी थांबायचं?

छातीत दुखलं, घाबरंघुबरं वाटलं, चक्कर आली, लघवी फार गडद झाली, घाम यायचा थांबला: लगेच. एखादा गडी असंबद्ध बोलायला लागला आणि त्याचं अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा, सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. त्या अवस्थेत जबरदस्तीने पाणी पाजू नका. गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांनी आत. वीज जवळ आहे असं वाटलं तर कुणाला न विचारता खेळ थांबवायची मुभा नियमच देतात.

२८ होलवर थांबलो तर पैसे परत करायचे?

कुणी मागत नाही. पण संध्याकाळी खरा आकडा कळवा.

पैसे मागायचे कसे? लाज वाटते.

सगळ्यांनाच वाटते. हातखंडा गोल्फर इथे गप्प होतात, आणि ज्याला सरळ पुट जमत नाही तो सहज मोठी रक्कम उभी करतो, कारण तो फोन उचलतो.

ग्रुपवर एक पोस्ट टाकून मोकळं होऊ नका. अडीचशे जण अंगठा दाखवतात आणि देणारे चार निघतात. यादी करा: नातेवाईक, सोसायटी, कॉलेजचे मित्र, ऑफिस, ज्यांच्या मुलांना तुम्ही शिकवलंत ते. प्रत्येकाला वेगळा निरोप, नावानिशी, आणि त्यात रक्कम लिहा. “यथाशक्ती” लिहिलं की माणूस विचारात पडतो आणि विचारात पडलेला माणूस नंतर बघू म्हणतो. असा निरोप चालेल:

“नमस्कार काका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मी दिवसभरात ३६ होल चालत खेळणार आहे, साधारण अठरा किलोमीटर. त्यातून कॅन्सरच्या रुग्णांबरोबर आलेल्या नातेवाइकांच्या राहण्याजेवणासाठी निधी जमवतोय. तुम्ही १,००० रुपये द्याल का? सोबत संस्थेचा क्यूआर पाठवलाय. पैसे थेट त्यांच्याकडे जातात आणि पावती तुमच्या नावाने येते. पॅन संस्थेच्या फॉर्मवरच भरा, मला पाठवू नका. काकूंना नमस्कार.”

चार दिवस थांबून फोन करा. सगळ्यात आधी स्वतःची देणगी भरा, आणि पहिली पाच नावं घसघशीत देणाऱ्यांची असू द्या. पुढचा माणूस आधीचा आकडा बघून आपला ठरवतो. खेळाच्या दिवशी दुपारी, शेवटचा राउंड चालू असताना, लाल झालेल्या चेहऱ्याचा एक फोटो उरलेल्यांना पाठवा. या फोटोवर जितकं येतं तितकं महिनाभराच्या आवाहनावर येत नाही.

दर होलमागे पैसे ठरवले तर?

मजा येते. होलमागे ५० रुपये म्हटलं तर ३६ होलचे १,८०० होतात, आणि बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी लागला तर) वेगळे ५०० ठरवणारे आत्याचे यजमान दिवसभर फोन करून चौकशी करतात. अडचण वसुलीची. खेळ झाल्यावर रक्कम गोळा करायला दोन महिने जातात. म्हणून मुख्य देणगी आधी, ठोक. होलचा सौदा जवळच्या दोन-चार हौशी लोकांपुरता.

पैसे माझ्या खात्यात घेऊन एकदम भरले तर सोपं नाही का?

सोपं आहे, पण करू नका. देणगीदाराला पावती मिळत नाही, तुमच्या खात्यात न कळणाऱ्या रकमा दिसतात, आणि उद्या एखाद्याने हिशेब विचारला तर मैत्री जाते. संस्थेचं स्वतःचं खातं, संस्थेचाच क्यूआर. क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरून करत असाल तर त्यांचं शुल्क आणि देणगीच्या वेळी आपोआप जोडली जाणारी “टिप” नीट बघा. देणगीदारालाही ती काढता येते हे सांगा.

करसवलत मिळते का?

संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तर मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर, आणि तीही उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, वस्तुरूपाने दिलेल्या गोष्टींना नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही नाही. आता पुष्कळ पगारदार नव्या प्रणालीत गेलेत, तेव्हा “कर वाचतो” या मुद्द्यावर देणगी मागू नका.

लंडनच्या भाच्याला आणि न्यू जर्सीच्या बहिणीला द्यायचे आहेत.

इथे पासपोर्ट बघावा लागतो. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे विदेशी अंशदान धरत नाहीत. पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ते विदेशी अंशदान होतं. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालची, नोंदणी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच घ्यावे लागतात. बहिणीने तुमच्या खात्यावर पाठवायचे आणि तुम्ही इथून भरायचे, असली पळवाट काढू नका, संस्थेलाच त्रास होतो.

उलटही विचारतात: भाचा तिकडे ७२ होल खेळतोय, आम्ही इथून देऊ का? द्या. मात्र ब्रिटनचा ‘गिफ्ट एड’, ज्यात प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स वर घालतं, तो तिथल्या करदात्याच्याच देणगीला लागू होतो. त्या फॉर्मवर खूण करू नका.

आमची कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून) टी-शर्ट आणि मंडप देईल का?

देईल, पण सीएसआर म्हणून दाखवता येणार नाही. मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांचा आणि प्रायोजकत्वाचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ सालीच स्पष्ट केलं आहे. कंपनीला खरंच द्यायचं असेल तर संस्थेच्या चालू कामाला, संस्थेशी करार करून द्यावं. मंडप जाहिरातीच्या खर्चातून.

संस्था कशी निवडायची?

आधी जाऊन बघा, मग ठरवा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ८०जीचं पत्र, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद, ही तीन कागदपत्रं मागा. द्यायला कुरकुर करणारी संस्था सोडून द्या. शहरापासून फार लांब जायची गरज नाही. वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कॅन्सर रुग्णालय आहे, शहरात छोट्या संस्था आहेत. एकच ठराविक गरज निवडा: अमुक यंत्र, तमुक महिन्यांची औषधं, नातेवाइकांचं जेवण. “समाजकार्यासाठी” या शब्दाला कुणी खिशात हात घालत नाही.

खेळ संपल्यावर एकोणिसावं होल, म्हणजे क्लबातला बार?

गुजरात आहे. मसाला छास आणि लिंबू सोडा.

घरच्यांना, मुलांना बघायला आणता येईल?

जरूर, शेवटच्या राउंडला आणा, तेव्हा टाळ्यांची गरज असते. क्लबला आधी संख्या कळवा. मारणाऱ्याच्या पुढे किंवा अगदी बाजूला उभं राहायचं नाही, नेहमी मागे. “फोर!” (चेंडू येतोय, सांभाळा) अशी आरोळी आली तर कुठून आली ते बघायला मान वर करू नका, डोकं हातांनी झाकून खाली वाका. ग्रीनवर उंच टाचेचे जोडे नकोत. ढोल-ताशा आणायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. तो शेवटच्या ग्रीनच्या बाहेर, आणि शेवटचा पुट पडल्यावर.